पोफळीचा तुरा आणि बंद न पडणारा कॉम्प्युटर

माझ्या धाकट्या दिराने मला फसवलं. जुना कॉम्प्युटर दुरुस्त करून देतो असं सांगून माझ्याकडून एक भरजरी ब्लाउज करून घेतला आणि दुरुस्ती केलीच नाही. घरातली माणसं याला गैरसमज म्हणतात. मी फसवणूकच म्हणते, कारण ब्लाउज त्यांच्या कपाटात गेला आणि धूर माझ्या दुकानात निघाला.

दीर आहेत, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करते. हा मजकूर रागात लिहिला असला तरी ते सोडणार नाही. पण एवढ्यावरून कोणी माझा राग गेला असं समजू नये.

बेंगळुरूच्या जयनगरात माझं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं दुकान आहे. आमची दोन्ही घराणी कित्येक पिढ्या इथलीच. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. लग्न झालं तेव्हा मी ओसरीत बसून शेजारणींच्या साड्यांना फॉल लावायची. तिथून सुरुवात करून मी या गाळ्यापर्यंत आले, आणि वाटेत एकाही वस्तूला पहिल्या सांगितलेल्या भावाने हात लावला नाही. भरतकामाचं मोठं मशीन एका बंद पडणाऱ्या कपड्यांच्या कारखान्यातून घेतलं. विकणारा इतका कंटाळला की त्याने बोलता बोलता शेडचे दिवे घालवायला सुरुवात केली. शेवटचा दिवा उरला तेव्हा मी म्हटलं, तो कोपऱ्यातला कॉम्प्युटरही यात धरा. त्याने धरला.

तोच हा कॉम्प्युटर. तेव्हाही तो नवा नव्हता, आणि आता तर त्याच्याकडे बघून गिऱ्हाइकांची पोरं हसतात. पण त्याच्यात डिझाईन बनवायचा जो प्रोग्राम आहे तो फक्त जुन्या विंडोजवर चालतो. नव्या कॉम्प्युटरला तो ओळखही देत नाही. नवा प्रोग्राम मिळतो, पण तो विकत मिळत नाही, दर वर्षी भाड्याने घ्यावा लागतो. मी स्वतःच्या सुईचं भाडं कोणाला देणार नाही.

काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी पडद्यावर फुलं-पानं काढते. प्रोग्राम त्यांचे टाके करतो. ते टाके मी फ्लॉपीवर घेते आणि फ्लॉपी मशीनला देते. माझ्या मशीनला पेनड्राइव्ह लावायला भोकच नाही, त्याला फ्लॉपीच लागते. फ्लॉपी आता कोणी बनवत नाही, म्हणून एक कचेरी रिकामी होत होती तेव्हा मी त्यांचं खोकंच उचलून आणलं. चांगल्या निघालेल्या थोड्या आहेत, त्याच पुन्हा पुन्हा पुसून वापरते. ब्लाउज झाला की फ्लॉपीवरचे टाके जातात. मूळ डिझाईन राहतं ते फक्त कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये.

दुसरीकडे कुठे कॉपी ठेवली नव्हती का, असं मला आजवर सगळ्यांनी विचारलं आहे. नव्हती. एकदा माझी कमळाची वेल मी समोरच्या दुकानाच्या काचेत टांगलेली पाहिली आहे. तेव्हापासून माझं डिझाईन पेनड्राइव्हवर फिरत नाही आणि इंटरनेटवर चढत नाही. ते टेबलाखाली राहतं आणि माझे पाय त्याच्यावर असतात.

या डिझाईनांत एक पोफळीचा तुरा होता. इथे त्याला हिंगार म्हणतात. लग्नकार्यात, पूजेला लागतो. फिकट पिवळा, मोत्यांच्या सरी लोंबाव्यात तसा. तो टाक्यांत उतरवणं कठीण, कारण टाका दाट पडला की त्याचा झाडू होतो. मी तो खूप दिवस घालवून बसवला. प्रत्येक सरीचा बाक वेगळा ठेवला. आधी बाहीपुरता केला होता. मग एका होणाऱ्या नवरीची आई आली. तिने नमुना बघितला आणि म्हणाली, मुहूर्ताच्या ब्लाउजच्या पाठीवर हाच हवा, मानेपासून खाली लोंबणारा, आणि बाह्यांवरही. भावावर तिने माझ्याशी अशी टक्कर घेतली की मला ती आवडली. मी शब्द दिला. आमच्या धंद्यात नवरीचा ब्लाउज चुकला तर ते गिऱ्हाईक एकटं जात नाही, मांडवातल्या सगळ्या बायकांना सोबत घेऊन जातं.

नेमक्या त्याच दिवसांत कॉम्प्युटर दुपारी बंद पडायला लागला. सकाळी ठीक चालायचा. ऊन चढलं की आतून पिप पिप असा आवाज यायचा आणि पडदा काळा. बटण दाबलं तर काही नाही. तासाभराने आपण होऊन गुमान सुरू. बेंगळुरूला पंखा लागत नाही असं माझे सासरे ज्याला त्याला ऐकवत असत. तो काळ गेला, पण माझ्या गाळ्यात अजून तेवढ्या हवेवरच सगळं चाललं होतं.

माझे धाकटे दीर एचएसआर लेआउटमध्ये राहतात आणि कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहेत. मोठ्या हुद्द्यावर. मी त्यांना बोलावलं. ते रविवारी आले, सोबत जाऊबाई, आणि जाऊबाईंच्या हातात पिशवी. पिशवीत ब्लाउजपीस. म्हणजे दुरुस्तीची किंमत घरूनच ठरवून आणली होती. यालाच मी तयारीचा माणूस म्हणते, आणि अशा माणसाशी भाव करायला मला मनापासून मजा येते.

भावजींनी टेबलाखाली वाकून बघितलं, पंख्याच्या जाळीवर हात धरला आणि सांगितलं की हा गरम होतोय. एका ठरावीक तापमानाच्या वर गेला की स्वतःला वाचवायला बंद होतो, तशी त्यात सोयच असते. दोन दिवस घरी नेतो, पूर्ण उघडतो, साफ करतो, पंखा बदलतो, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट काढून नवी लावतो. त्या बदल्यात दोन ब्लाउज, पाठ आणि बाह्या, भरगच्च.

मी म्हटलं, लग्नसराईत दोन दिवस कॉम्प्युटर देणं म्हणजे स्वयंपाकाच्या मध्यात चूल उचलून देणं. इथेच बसून करा. ते म्हणाले, इथे होणार नाही, सामान नाही. मी म्हटलं, मग असं करा ज्याला सामान लागत नाही. दोन ब्लाउजवरून एकावर आणलं. पाठीवरून बाह्यांवर आणलं. जाऊबाई मध्येच म्हणाल्या, अक्का, बाह्यांवर तो हिंगार तरी घाला. तेवढं मी दिलं, कारण बाहीचं डिझाईन तयार होतं आणि मला त्यात कष्ट नव्हते. शेवटी मी माझी मागणी एका वाक्यात ठेवली.

"भावजी, मला बाकी काही कळत नाही. नवरीचा ब्लाउज होईपर्यंत हा बंद पडता कामा नये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढली, कॉम्प्युटर सुरू करताना एक बटण दाबून धरलं, एक निळा पडदा आला, त्यावर इंग्रजी अक्षरांच्या ओळी. खाली-वर, खाली-वर, एक टिचकी. मागे गॅसवर ठेवलेली माझी कॉफी उतू जायच्या आत ते उठले.

"झालं, वहिनी. आता नाही बंद पडणार."

मला वाटलं, काय हुशार माणूस आहे. मला असंही वाटलं की मी यांना बाह्यांवरच पटवलं. संध्याकाळी मी यजमानांना हे रंगवून सांगितलं. ते पेपरातून डोकं न काढता कन्नडमध्ये सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणाले. ते कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून घरातल्या कोणत्याही व्यवहारात पक्ष घेत नाहीत.

आणि खरंच, कॉम्प्युटर बंद पडेना. दुपारी बारा, दोन, तीन, चालूच. मी जाऊबाईंच्या बाह्या करून टाकल्या. चांगल्या केल्या, त्यात मी खोट ठेवत नाही. भावजी ऑफिसला जाता जाता ब्लाउज घेऊन गेले. मग मी नवरीच्या पाठीला लागले. बाहीचा तुरा पाठीएवढा करायचा म्हणजे नुसता ताणून चालत नाही, प्रत्येक सर नव्याने बसवावी लागते. ते मी त्याच मूळ फाईलीत करत गेले.

कॉम्प्युटर हळू झाला. आधी वाटलं काम मोठं आहे म्हणून. मग पाय भाजायला लागले. टेबलाखालून असा वास यायचा जसा शेजारच्या टपरीवर तेल जास्त तापलं की येतो, आणि मी दोन-तीनदा टपरीवाल्यालाच बोलून आले. तो बिचारा म्हणाला, अक्का, मी आज तळणच काढलेलं नाही. मला तेव्हाही कळलं नाही. एका दुपारी तुऱ्याची शेवटची सर बसवली, जतन करायचं बटण दाबलं, आणि पडदा तसाच थिजला. खालून टक् असा आवाज. धूर फार नव्हता. पण होता.

भावजींना फोन केला. ते मीटिंगमध्ये होते. मीटिंगमधूनच हळू आवाजात म्हणाले की वहिनी, वय झालं होतं त्याचं. मी काही बोलायच्या आत त्यांनी ठेवला.

मी कॉम्प्युटरची पेटी जुन्या बेडशीटमध्ये बांधली, रिक्षात मांडीवर घेतली आणि शिवाजीनगरला गेले. तिथे बसस्टँडच्या मागच्या गल्लीत जुने कॉम्प्युटर सोडवून सुटे भाग विकणारा एक जण आहे. माझ्याच वयाचा, दाढी मेंदीने रंगवलेली, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपल्याला गरज आहे हे त्याला आपल्याआधी कळतं. त्याने स्क्रू काढून बाजूची पत्री उघडली आणि आत बघितलं. पंखा दिसतच नव्हता. भरतकामाच्या धाग्यांची लव पंख्यावर गादीसारखी बसली होती आणि त्या गादीत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या रुतल्या होत्या. मधूनमधून कुंकू.

त्याने मला विचारलं की दुकान फुलांचं आहे का. मी सांगितलं की दसऱ्याच्या आयुधपूजेला आम्ही सगळ्या यंत्रांना हार घालतो. या गावात बसला घालतात, लेथला घालतात, रिक्षाला घालतात, त्याच्या गल्लीतल्या लोकांनी घातलेले मी डोळ्यांनी पाहिलेत, तेव्हा त्याने मला शिकवू नये. तो म्हणाला शिकवत नाही, फक्त बसचा पंखा पाकळ्या ओढून घेत नाही. मग त्याने बोर्डावर बोट ठेवलं. तिथे बारक्या डब्यांची रांग होती आणि त्यातल्या बऱ्याच डब्यांची डोकी पुरीसारखी फुगली होती. उष्णतेने गेले, म्हणाला.

त्याने पंखा बदलला आणि बोर्ड जरा तरी जागा होतो का बघू म्हणून खूप वेळा बटण दाबलं. एकदा तो जागा झाला. तोच निळा पडदा आला जो मी त्या रविवारी पाहिला होता. त्याने त्यातली एक ओळ वाचली आणि मला विचारलं की हा पूर्वी तापला की आपण होऊन बंद व्हायचा का. मी म्हटलं, व्हायचा, मग दुरुस्त केला. तो हसला.

"दुरुस्त नक्को बोलो अक्का. ये तो किसीने हात से बंद करा."

त्याने समजावून सांगितलं. तापलं की बंद पड, हा हुकूम त्या यंत्रात होता. तोच कोणीतरी काढून टाकला. फ्यूज सारखा उडतो म्हणून माणसं त्या जागी जाड तार घालतात, तसं. आता घर जळेल, पण दिवे जाणार नाहीत. एवढं सांगेपर्यंत तो बोर्ड पुन्हा गेला तो गेलाच.

मी तिथे स्टुलावर बसले होते. मला भावजींची ती टिचकी आठवली. कॉफी उतू जायच्या आत झालेली दुरुस्ती. राग इतका आला की मी त्या दुकानदाराकडे पाणी मागितलं, आणि मी कोणाच्या दुकानात भाव ठरायच्या आत पाणी पीत नाही. पाणी प्यायलं की जीभ मऊ होते.

आता खरं काम पुढे होतं. डिस्क शाबूत होती, असं तो म्हणाला. माझी सगळी डिझाईनं त्या डिस्कमध्ये. त्याच्या ढिगात एक बोर्ड होता, माझ्या बोर्डापेक्षा थोडा नवा. त्याला माझी डिस्क जोडली. विंडोज सुरू होता होता निळा पडदा, पण हा वेगळा निळा, नुसता इंग्रजी मजकूर आणि पुन्हा पहिल्यापासून. त्याने सांगितलं की या बोर्डावर डिस्क चालवायची पद्धत वेगळी आहे आणि जुन्या विंडोजला ती माहीत नाही. समोर डिस्क असून तिला दिसत नाही. त्यासाठी ड्रायव्हर नावाचा बारका प्रोग्राम घालावा लागतो. तो असला की विंडोजला डिस्क दिसते, मग तीच विंडोज वरच्यावर दुरुस्त करता येते, आतलं काही न पुसता. ड्रायव्हर त्याच्याकडे होता. पण ही जुनी विंडोज ड्रायव्हर कशावरून घेते? सीडीवरून नाही, पेनड्राइव्हवरून नाही. फक्त फ्लॉपीवरून.

इथे त्याने खुर्चीला पाठ टेकली. मला ते टेकणं ओळखता येतं. मीही असंच टेकते.

तो म्हणाला, फ्लॉपी आता कुठे मिळत नाही. त्याच्याकडच्या सगळ्यांना बुरशी लागली आहे. एक जण आहे ओळखीचा, त्याच्याकडे एखादी असेल, पण तो फार मागतो. आणि त्याचा आकडा सांगताना त्याने स्वतःच्या बोर्डाचा, पंख्याचा आणि मेहनतीचा आकडाही त्यात मुरवून सांगितला. मी चेहरा पाडला. फ्लॉपी एवढी महाग असते का, असं विचारलं. तो म्हणाला, अक्का, सोनं मिळेल, फ्लॉपी मिळणार नाही. मी त्याला बोलू दिलं. फ्लॉपीची किंमत त्याने स्वतःच्या तोंडाने चढवत चढवत बोर्डाच्याही वर नेऊन ठेवली. बाजूचा चार्जर विकणाराही ऐकायला आला. मी म्हटलं, म्हणजे या सगळ्या कामात सगळ्यात महाग वस्तू फ्लॉपीच म्हणायची. त्याने मान डोलावली. फ्लॉपी असती तर बाकीचं काम स्वस्तातच होतं म्हणायचं. त्याने पुन्हा मान डोलावली.

मग मी पर्स उघडली आणि त्याच्या टेबलावर एकामागून एक फ्लॉप्या ठेवल्या. दुकानातून निघताना मशीनपाशी असलेल्या मी पर्समध्ये टाकल्या होत्या, नेहमीप्रमाणे, कोणाच्या हाती पडू नयेत म्हणून.

चार्जरवाला इतका हसला की त्याला आधार घ्यावा लागला. दुकानदाराने एक फ्लॉपी उचलून उजेडात धरली, तिची पत्री सरकवून बघितली आणि विचारलं, आप करते क्या? मी सांगितलं. तेव्हा तो जरा सरळ बसला. त्यानेही शेवटी माझ्याकडून काहीतरी काढलंच: माझ्या दोन चांगल्या फ्लॉप्या, कायमच्या, त्याच्याकडे असेच अडलेले लोक येतात म्हणून. मी त्या दिल्या. तो व्यवहार मला अजून टोचत नाही, कारण तो उघड होता.

त्याने माझ्या एका फ्लॉपीवर ड्रायव्हर उतरवला. विंडोजची सीडी सुरू झाली की पडद्याच्या तळाशी थोडा वेळ एक ओळ येते: ड्रायव्हर घालायचा असेल तर F6 दाबा. ती ओळ चुकली की सगळं पहिल्यापासून. पहिल्या वेळी दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलत होता, ओळ गेली. दुसऱ्या वेळी तो फोनवर होता, ओळ गेली. तिसऱ्या वेळी कीबोर्ड मी माझ्याकडे ओढला. ओळ आली, मी F6 दाबला आणि सुईत धागा गेल्यावर वाटतं तसं वाटलं. फ्लॉपी करकर फिरली. पडद्यावर डिस्कचं नाव उमटलं. दुकानदार म्हणाला, आता बघा, सगळं परत येईल.

सगळं आलं. कमळाची वेल आली, मोर आले, हंस आले, मंगळागौरीच्या ब्लाउजची जाळी आली. मी एकेक उघडून बघत होते. शेवटी तुरा उघडला. देठ होतं. देठाला दोन सरी होत्या. त्यापुढे नुसत्या रेघा, वेड्यावाकड्या, पडदाभर. जतन करतानाच कॉम्प्युटर जळाला होता, त्यामुळे जुनं पुसलं गेलं होतं आणि नवं पुरतं लिहिलं गेलं नव्हतं. दुकानदाराने खटपट केली. पण सरी काही आल्या नाहीत. त्याने मेहनतीचं थोडं कमी केलं, मी न मागता. माझ्या आयुष्यात असं प्रथमच झालं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

नवरीचं लग्न जवळ आलं होतं. तुरा पुन्हा काढायचा तर डोळ्यांसमोर नमुना हवा. दुकानातला नमुना नवरीच्या आईने पसंतीसाठी मागून नेला होता आणि तो तिच्या नातेवाइकांत फिरून हरवला होता. त्या तुऱ्याचा टाक्यांत उतरलेला एकच पुरता नमुना जगात उरला होता. तो होता एचएसआर लेआउटमध्ये, माझ्या जाऊबाईंच्या दोन बाह्यांवर.

मी गेले. ज्यांनी कॉम्प्युटर जाळला त्यांच्या दारी, त्यांनाच दिलेला ब्लाउज मागायला. लिफ्टमध्ये मी मनात बोलायची सगळी वाक्यं तयार केली होती. जाऊबाईंनी दार उघडलं, बसवलं, माझं ऐकून घेतलं, ब्लाउज आणून मांडीवर ठेवला. आणि मांडीवरच ठेवला. हात काढला नाही.

"अक्का, माझ्या बहिणीच्या लग्नात बाह्या सगळ्यांना आवडल्या. पाठ मात्र स्वल्प मोकळी वाटली."

एवढी वर्षं या बाईला मी साधी समजत होते. दोन दिवसांसाठी ब्लाउज, बदल्यात पाठ भरून. मी मानेपुरतं म्हटलं, त्या कमरेपर्यंत म्हणाल्या. अर्ध्या पाठीवर ठरलं. म्हणजे जे मी त्या रविवारी एवढ्या कौशल्याने काढून घेतलं होतं ते निम्मं परत गेलं, वर कॉम्प्युटर जळाला तो वेगळाच.

तेवढ्यात भावजी आतून आले. मी सरळ विचारलं की तापल्यावर बंद पडायची सोय तुम्ही काढून टाकली की नाही. त्यांनी नाही म्हटलं नाही. चहा मागवला, बसले, आणि अगदी शांतपणे बोलले.

"वहिनी, मी दोन दिवस मागितले होते. तुम्ही घासाघीस केलीत. बंद पडता कामा नये, एवढंच तुमचं म्हणणं होतं. जळेपर्यंत बंद पडला का?"

जाऊबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. मी ब्लाउज पर्समध्ये घातला आणि खाली आले. रिक्षात एचएसआरहून जयनगरला येईपर्यंत मला उत्तर सुचलं, आणि तेव्हापासून ते माझ्याजवळ आहे.

मी बाह्यांवर ट्रेसिंग पेपर ठेवला, भिंगातून टाका न् टाका बघितला, आणि नव्या बोर्डावर, उघड्या ठेवलेल्या पेटीशेजारी टेबलफॅन लावून, तुरा पुन्हा काढला. दुपारची जेवले नाही. नवरीचा ब्लाउज वेळेत गेला. तिची आई खूश झाली, नमुना हरवल्याबद्दल तिने लाडूंचा डबा पाठवला. मांडवातल्या बायका दुकान शोधत आल्या. कोणालाही काही कमी वाटलं नाही. मला मात्र वाटतं. पहिल्या तुऱ्यातली मधली सर वाऱ्याने हलल्यासारखी होती. दुसऱ्यातली सर बरोबर आहे, पण ती लटकते, हलत नाही. मी ती पाचसहा प्रकारे करून बघितली. मोठ्या मापाचा पहिला तुरा मी एकटीने पडद्यावर पाहिला आहे, आणि आता तो परत कोणी पाहणार नाही.

आता माझं उत्तर. भावजी म्हणतात, तुम्ही घासाघीस केलीत. केली. रोज करते. माझ्याशीही रोज बायका करतात, आणि मी भाव खाली आणते. पण आणताना तोंडावर सांगते: एवढ्यात अस्तर पातळ येईल. एवढ्यात जरी खरी नसेल, दोन धुण्यांत काळी पडेल. चालेल का? बाई चालेल म्हणाली तर मी सुई लावते. नाही म्हणाली तर ती उठते आणि पायरीवरून परत येते. धंद्यात कमी देणं पाप नाही. कमी देऊन "झालं" म्हणणं पाप आहे. त्या रविवारी भावजींनी एवढंच म्हणायचं होतं की वहिनी, बंद पडणार नाही, पण जळेल, चालेल का. माझ्या कॉफीला उकळी यायची होती अजून. वेळ होता.

ते आता मला नवा कॉम्प्युटर देऊ करतात. यजमानांमार्फत निरोप येतो. सासूबाई म्हणतात, सोड, घरचाच माणूस आहे. घरचा माणूस आहे म्हणूनच त्या रविवारी मी विश्वास ठेवला, पेटी उघडून बघितली नाही, शिवाजीनगरच्या माणसाच्या समोर मात्र स्टूल टाकून बसले. मला नवा कॉम्प्युटर नको. मला त्या टिचकीचा जाब हवा आहे.

भावजी, तुम्हाला माहीत होतं. ती ओळ तुम्ही वाचलीत, तिचा अर्थ तुम्हाला कळत होता आणि मला कळत नव्हता. मग "झालं" म्हणताना काय झालं ते का सांगितलं नाही? येत्या रविवारी सगळे जेवायला आहेत. जाऊबाईंना घेऊन या, आणि ताटावर बसायच्या आधी, सगळ्यांसमोर, याचं उत्तर द्या.